इकॉनॉमी पीटीओसाठी जादा पैसे मोजावेत का? ऊस, द्राक्ष आणि सोयाबीनच्या पट्ट्यातला हिशेब

नवा ट्रॅक्टर बघायला चिकोडी, अथणी, बेळगावच्या शोरूममध्ये जा, नाहीतर सीमा ओलांडून कागल-गडहिंग्लजला जा, एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : "यात इकॉनॉमी पीटीओ आहे, डिझेल वाचतं." पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारं फिरवणारा शाफ्ट, आणि इकॉनॉमी म्हणजे इंजिन हळू ठेवूनही त्याला तेवढेच फेरे देणारा गिअर. डिझेल वाचतं हे खरं. कुठल्या कामात, किती, आणि त्या बदल्यात किती पैसे मोजायचे, एवढं मात्र घरूनच ठरवून जावं लागतं.

ज्यांना थोडक्यात हवं त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्टर मुख्यतः रोटर (रोटाव्हेटर), पाचट कुट्टी आणि ट्रॉलीवर चालणार असेल तर निव्वळ इकॉनॉमी पीटीओसाठी जादा पैसे देऊ नका. फवारणीचा ब्लोअर, वीज तयार करणारा अल्टरनेटर, कडबा कुट्टी, पाण्याचा पंप अशी हलकी पण तासन्‌तास चालणारी कामं वर्षाला शंभर तासांच्या पुढे जात असतील तर घ्या. बाकी लेख आहे तो या दोन वाक्यांमागचा हिशेब आणि वापरायची रीत.

आत नेमकं काय बदलतं

ट्रॅक्टरच्या मागे सहा खाचांचा, ३५ मिलिमीटर जाडीचा जो शाफ्ट बाहेर आलेला असतो तो मिनिटाला ५४० फेरे फिरावा, असं गृहीत धरून रोटर, ब्लोअर, मळणी मशीन ही सगळी अवजारं बनवलेली असतात. साध्या पीटीओत हे ५४० फेरे मिळवायला इंजिन बरंच वर न्यावं लागतं. ५० एचपीच्या एखाद्या मॉडेलवर २१०० आरपीएमला ५४० मिळतात असं धरू. त्याच ट्रॅक्टरच्या इकॉनॉमी गिअरमध्ये, म्हणजे '५४० ई' मध्ये, इंजिन १६०० वर असतानाच शाफ्ट ५४० फिरतो. अवजाराला काही फरक कळत नाही. इंजिन मात्र मिनिटाला ५०० फेरे कमी मारतं.

डिझेल वाचतं ते इथेच. इंजिन जितकं वेगाने फिरेल तितकी ताकद पिस्टन-रिंगच्या घर्षणात, ऑइल पंपात आणि रेडिएटरच्या पंख्यात जाते. पंख्याचं तर असं आहे की वेग सव्वापट झाला तर त्याला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. काम हलकं असेल तेव्हा ही आतली खादाडी एकूण डिझेलच्या मानाने मोठी ठरते, म्हणून हलक्या कामात साधारण १५ ते २५ टक्के बचत दिसते. काम जड झालं की तीच खादाडी किरकोळ वाटू लागते आणि बचतही आटते.

आता दुसरी बाजू. इंजिनाची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. फेरे कमी केले की हातातली ताकदही कमी होते. २१०० ला ५० एचपी देणारं इंजिन १६०० ला टॉर्क थोडा वाढवून फार तर ४२-४४ एचपी देईल. त्यातले दहा-पंधरा टक्के गिअरबॉक्समध्ये गेले की शाफ्टवर साधारण ३६ ते ३८ उरतात. शिवाय ई मध्ये इंजिन आणि शाफ्ट यांच्यामधला गिअर 'उंच' असतो, त्यामुळे तोच लोड पेलायला इंजिनाला आणि क्लचला ३१ टक्के जास्त टॉर्क लागतो (२१०० भागिले १६००). रोटर मातीत अडकला की ई मध्ये इंजिन धपकन बसतं ते यामुळेच.

पहिलं काम : प्लेट वाचा

शोरूममध्ये 'इकॉनॉमी आहे का' असं विचारू नका. '५४० किती इंजिन आरपीएमला?' असं विचारा. माहितीपत्रकात ते '५४० @ २१००' किंवा '५४० @ १६००/२१००' असं छापलेलं असतं.

हा आकडा पाहायचं खरं कारण वेगळंच आहे. आपल्याकडे अजून जोरात चालणाऱ्या कित्येक जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरांत साधा पीटीओच १५००-१६०० च्या आसपास ५४० देतो. अशा ट्रॅक्टरला वेगळ्या ई गिअरची गरजच नाही, तो जन्मापासून इकॉनॉमीवरच आहे. घरी असा ट्रॅक्टर असताना केवळ 'ई' या अक्षरासाठी नवा घेणं म्हणजे आहे तेच पुन्हा विकत घेणं.

दोन आकड्यांतला फरक ३०० पेक्षा कमी असेल तर बचतही नावापुरतीच. ५०० च्या आसपास असेल तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ आहे.

विक्रेत्याकडे मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागा. त्यात कमाल ताकदीला आणि ५४० फेऱ्यांना पीटीओवर किती ताकद मिळाली, त्या वेळी इंजिन किती आरपीएमवर होतं आणि डिझेल किती लागलं, हे मोजून दिलेलं असतं. माहितीपत्रकातल्या 'पीटीओ एचपी'पेक्षा हे कागद जास्त खरं बोलतात. इंग्रजी-हिंदीची अडचण असेल तर फक्त तक्ते बघा, आकडे पुरेसे आहेत.

नव्या ५० एचपीच्या पुढच्या ट्रॅक्टरांवर (१ जानेवारी २०२३ पासून त्यांना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू आहेत) डॅशबोर्डवर 'इको' किंवा 'पॉवर' अशी बटणं असू शकतात. ते इंजिनाच्या कॉम्प्युटरचं काम. पीटीओच्या गिअरशी त्याचा संबंध नाही. दाखवताना दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून ई चा वेगळा लिव्हर हाताने हलवून दाखवायला सांगा.

कुठलं काम कुठल्या गिअरला

रोटर. हलक्या तांबड्या जमिनीत दुसरा हात मारताना, खोली चार इंचांच्या आत असेल तर ई चालतो. अथणी-रायबागच्या काळ्या रानात, खोडवा मोडताना किंवा उसाचं खोडकं फोडताना ई चा विचारही करू नका. खानापूर बाजूला भाताची चिखलणी करताना चाकांची ओढ आणि रोटर दोन्ही एकदम असतं, तिथेही साधा ५४० च बरा.

पाचट कुट्टी, म्हणजे मल्चर. साधा ५४०, पूर्ण ताकद. पाचटाचा थर कुठे जाड कुठे पातळ, लोड सारखा वर-खाली होतो. ई मध्ये इंजिनाला सावरायला जागाच राहत नाही.

सोयाबीनची मळणी. मशीन ट्रॅक्टरच्या मानाने छोटं असेल तर ई मध्ये छान चालतं. मात्र ड्रमचे फेरे तंतोतंत राखायला हवेत. फेरे वाढले की सोयाबीनची डाळ होते, बियाण्याला ठेवलेल्याची उगवण मरते. फेरे कमी पडले की शेंगा तशाच भुसात जातात. एक माणूस भारा घालतोय आणि दुसरा एकदम पेंढीच ढकलतोय असं चालत असेल तर साध्या ५४० वर या.

अल्टरनेटर. ई साठी सर्वांत फिट काम. हेस्कॉमची (उत्तर कर्नाटकातल्या वीज कंपनीची) थ्री फेज लाइन ठरावीक तासच असते, मग पाच एचपीची मोटर ट्रॅक्टरवर घ्यावी लागते. ५० हर्ट्झसाठी अल्टरनेटर १५०० फिरला पाहिजे, म्हणजे पीटीओचे ५४० पुलीने किंवा गिअरने २.७८ पट करायचे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढ्या एका क्षणाला इंजिन दबतं आणि लगेच सावरतं. सावरलं नाही तर अल्टरनेटर लहान आहे, ट्रॅक्टरचा दोष नाही. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय हे काम करूच नका. तुमच्या अल्टरनेटरची वीज लाइनवर गेली तर खांबावर चढलेला लाइनमन मरतो.

कडबा कुट्टी, पाण्याचा पंप : ई. दोन्ही कामांत लोड एकसारखा, इंजिन शांत.

ब्लोअर. अथणी, तेलसंग, ऐनापूर बाजूच्या द्राक्षबागायतदारांना खरा फायदा इथेच आहे, पण ट्रॅक्टर कुठला त्यावर. ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला ६०० लिटरचा ब्लोअर लावला तर अर्धी ताकद शिल्लकच राहते, ई मध्ये बिनधास्त चालवा. तोच ब्लोअर २४-२८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला असेल तर तो आधीच जवळजवळ पूर्ण लोडवर आहे. पंखा मोठा असेल तर ई मध्ये फेरे टिकणार नाहीत, आणि फेरे पडले की घडाच्या आत औषध पोहोचत नाही. काही मिनी ट्रॅक्टरांत ५४० आणि ७५० असे दोन वेग असतात. ७५० च्या गिअरमध्ये रेस ७२ टक्क्यांवर ठेवली की शाफ्टला ५४० च मिळतात. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर हाच तुमचा इकॉनॉमी पीटीओ.

पैशाचा हिशेब

कागद घ्या आणि वर्षभरात पीटीओवर चालणारे तास लिहा. हलके वेगळे, जड वेगळे. ट्रॉलीचे आणि नांगराचे तास यात धरायचे नाहीत, त्यांना पीटीओ लागतच नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस फडावरून कारखान्याकडे पळतो म्हणून पीटीओही खूप चालत असेल, असा समज होतो. मोजल्यावर आकडा भलताच निघतो.

सूत्र सोपं आहे : जादा किंमत, भागिले तासाला वाचणारं लिटर गुणिले डिझेलचा दर. उत्तर येतं तितक्या हलक्या तासांनी पैसे फिटतात.

एक उदाहरण. ई असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलमध्ये १५,००० रुपयांचा फरक आहे, ब्लोअरवर तासाला ०.८ लिटर वाचतं आणि डिझेल ९० रुपये आहे असं धरू. तासाला ७२ रुपये वाचले. १५,००० भागिले ७२ म्हणजे २०८ तास. पाच एकर बागेला एका फवारणीला वळणं आणि टाकी भरणं धरून तीन तास लागतात. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे ४० फवारण्या झाल्या तर १२० तास. म्हणजे दुसऱ्या हंगामातच पैसे वसूल.

आता चिकोडी भागातला ऊसवाला घ्या. पीटीओ वर्षाला १५० तास, त्यातले १३० रोटरचे, २० कडबा कुट्टीचे. वर्षाची बचत १,४४० रुपये. दहा वर्षं लागतील. त्याच १५,००० मध्ये रोटरची पाती, नवा शाफ्ट आणि वर दोन वर्षांचं ऑइल येईल.

फरकाची किंमत विचारताना एक गोम असते. ई बहुतेक वेळा एकटा येत नाही. त्याच्यासोबत स्वतंत्र क्लचचा पीटीओ, उलटा फिरणारा पीटीओ, कधी फोर व्हील अशी मोट बांधलेली असते आणि सगळ्याची किंमत एकच सांगतात. त्यातला स्वतंत्र क्लच मात्र जड कामालाही उपयोगी. ट्रॅक्टर थांबवून अवजार फिरतं ठेवता येतं, किंवा अवजार थांबवून ट्रॅक्टर पुढे घेता येतो. मळणी मशीन वारंवार तुंबत असेल तर उलटा पीटीओही कामाचा. या दोन गोष्टी हव्याच असतील आणि ई सोबत फुकट येत असेल तर अर्थातच घ्या. मग वरचा हिशेब करत बसायची गरज नाही.

विकत घेण्याआधी एक दिवस वापरून बघता आलं तर उत्तम. कृषी यंत्रधारे केंद्रात भाड्याने कुठला ट्रॅक्टर आहे, त्याला ई आहे का, हे विचारून घ्या. होबळीच्या (तालुक्याखालच्या गावगटाच्या) रैत संपर्क केंद्रात चौकशी केली की जवळचं केंद्र कळतं, तिथेच यंत्रांच्या सबसिडीचं काय चालू आहे तेही समजतं. जाताना पहाणी (कर्नाटकातला सातबारा) आणि आधार सोबत ठेवा.

पहिल्यांदा चालवताना

१. अवजार जोडा, शाफ्ट बसवा. शाफ्टची नळी आणि दांडा एकमेकांत किमान अर्धा फूट राहिले पाहिजेत. लिफ्ट पूर्ण वर-खाली करून तपासा, कुठेही नळी बुडाशी टेकता कामा नये. शाफ्टच्या मधल्या दोन्ही दुबेळक्या एकाच रेषेत हव्यात. एक खाच चुकली तरी शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस (शाफ्टचा सांधा) लवकर जातो.

२. इंजिन अगदी हळू ठेवा, क्लच दाबून पीटीओ सुटा करा आणि शाफ्ट पूर्ण थांबू द्या. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओ. अर्ध्यावर पाय ठेवून लिव्हर ओढला की करकर आवाज येणारच.

३. ५४०/५४० ई निवडायचा लिव्हर ई वर घ्या. नाही बसला तर जोर लावू नका. क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा, आतले दात जागेवर येतात. शाफ्ट फिरत असताना हा लिव्हर कधीही हलवायचा नाही. ई वर अर्धवट बसलेला गिअर लोड आल्यावर उडतो, आणि एकदा उडायला लागला की दातांच्या कडा गोल होऊन नेहमीच उडतो.

४. क्लच हळू सोडा, अवजार सावकाश फिरू द्या, मग हँड रेसने १६०० पर्यंत न्या (तुमच्या प्लेटवर जो आकडा असेल तो). आरपीएम मीटरच्या काचेवर त्या आकड्याला लाल चिकटपट्टीची बारीक फीत लावून ठेवा. कितीतरी मीटरवर ५४० आणि ५४० ई च्या खुणा असतात, पण धुळीत आणि उन्हात त्या दिसत नाहीत.

५. मीटरवर भरवसा नसेल तर शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवून हातातल्या डिजिटल टॅकोमीटरने फेरे मोजा. तीन-चार फूट अंतरावरून, शाफ्टचं झाकण काढलेलं असेल तेवढ्यापुरतंच. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. टॉवेलचं टोक, लुंगी, पदर, ओढणी यातलं काहीही गुंतलं तर हात आखडून घ्यायला वेळ मिळत नाही. मोजून झालं की झाकण परत.

६. आता लोड द्या आणि बघा. मोकळ्या १६०० वरून १५०० च्या आसपास येऊन स्थिर झालं तर ठीक. १४५० च्या खाली जात असेल, धूर काळा होत असेल, आवाज 'घुर्रर्र' असा जड होत असेल तर हे काम ई चं नाही. लोडखाली क्षणभर रेस थोडी पुढे ढकला. इंजिन लगेच उचललं तर ताकद शिल्लक आहे. रेस देऊनही फेरे तिथेच राहिले आणि नुसता धूर वाढला तर ताबडतोब साध्या ५४० वर या. ही एक परीक्षा वर सांगितलेल्या सगळ्या कामांच्या यादीपेक्षा जास्त भरवशाची आहे.

गिअर एक वर घ्यायला विसरू नका

नवख्यांची सगळ्यात महाग चूक इथे होते, तीही ब्लोअरवर. ई मध्ये इंजिनाचा वेग २१०० वरून १६०० वर आला की त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टरही तितकाच हळू चालतो. पंपाचे फेरे मात्र तेच, म्हणजे नोझलमधून मिनिटाला पडणारं पाणीही तेच. एकरी २०० लिटर बसवलेलं असेल तर आता एकरी २६० लिटर पडतं. वाचलेलं डिझेल राहिलं बाजूला, औषधच पाऊणपट एकरात संपतं.

म्हणून ई वर गेल्यावर चाकांचा गिअर एक पायरी वर घ्या आणि वेग मोजा. बांधावर १०० फूट टेपने मोजून दोन खुंट्या ठोका. ताशी ३.५ किलोमीटरला हे अंतर ३१ सेकंदांत कापलं गेलं पाहिजे. टाकी अर्धी भरलेली असताना, बागेतल्याच जमिनीवर मोजा, डांबरी रस्त्यावर नको.

एकरी पाण्याचं सूत्र : सगळ्या नोझलचं मिळून मिनिटाला पडणारं पाणी (लिटरमध्ये) गुणिले २४३, भागिले ताशी वेग (किलोमीटर), भागिले ओळीतलं अंतर (मीटर). ओळी ९ फुटांवर, म्हणजे २.७४ मीटरवर असतील, वेग ३.५ असेल आणि एकरी २०० लिटर हवं असेल तर नोझलमधून मिनिटाला साधारण ८ लिटर पडलं पाहिजे. नोझलखाली बादल्या धरून एक मिनिट मोजलं की झालं.

वेग बरोबर बसवणारा गिअर मिळतच नसेल तर नोझलच्या चकत्या बदला. पीटीओचे फेरे कमी-जास्त करून वेग जुळवायचा नाही.

इंजिन हळू झालं की हायड्रॉलिक पंपही हळू होतो, त्यामुळे लिफ्ट उचलायला जरा वेळ लागतो. त्यात काही बिघाड नाही.

काय बिघडतं आणि का

ई वर लिव्हर राहिला आणि ड्रायव्हरने सवयीने फुल रेस मारली, हा सगळ्यात वाईट प्रकार. १६०० ला ५४० असेल तर २१०० ला शाफ्ट ७०९ फेरे फिरतो. ब्लोअरच्या पंख्याला तेव्हा सव्वादोन पट ताकद लागते, पाती तडकतात, पंपाचा डायफ्राम फाटतो. रोटरच्या गिअरबॉक्समधलं ऑइल तापतं, क्रॉसच्या सुया झिजतात. अल्टरनेटर ६५ हर्ट्झवर जातो आणि विहिरीतली मोटर गरम होते. सोयाबीनची तर पार डाळ. ट्रॅक्टर भाड्याने देत असाल, किंवा दोघे-तिघे चालवत असतील, तर काम संपलं की लिव्हर साध्या ५४० वर आणायचा असा घरात नियमच करून टाका.

क्लच जळणे. ई मध्ये जड काम रेटलं की पीटीओ क्लचवर टॉर्क वाढतो, पाटा घसरतो, करपट वास येतो. वास आला तेव्हा थांबलात तर पाटा वाचतो. थोडं राहिलंय म्हणून ओढलंत तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, आणि त्या मजुरीत चार वर्षांची बचत गेली.

इंजिन तापणे. हळू इंजिन म्हणजे हळू पंखा आणि हळू वॉटर पंप. मळणीच्या वेळी सोयाबीनचा भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो. फुल रेसवर जे चालून जातं ते ई मध्ये चालत नाही. दर दोन तासांनी इंजिन बंद करून जाळी झाडा.

शियर बोल्ट (लोड जास्त झाला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) वारंवार तुटत असेल तर लोड जास्त आहे. त्या जागी कडक बोल्ट घातला की बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स तुटतो. क्रॉसला आठ-दहा तासांनी ग्रीस.

बचत खरंच होतेय का, हे मोजणे

सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करा, टाकी गळ्यापर्यंत भरा. साध्या ५४० वर दोन तास तेच काम करा, पुन्हा त्याच जागी आणून मापाच्या कॅनने गळ्यापर्यंत भरा. दुसऱ्या दिवशी तेच ई वर. वेळ घड्याळाने मोजा, ट्रॅक्टरच्या अवरमीटरने नको. जुन्या पद्धतीचे मेकॅनिकल अवरमीटर इंजिनाचे फेरे मोजतात. इंजिन हळू चाललं की तासही हळू पुढे सरकतात, आणि बचत आहे त्यापेक्षा कमी दिसते.

ई नसेल तर

साध्या ५४० वर रेस कमी करून काम भागवणारे बरेच आहेत. २१०० ऐवजी १६०० ठेवलं की शाफ्ट ४११ वर येतो. कुट्टीला आणि पाणी कमी उंचीवर चढवायचं असेल तर पंपाला ते चालतं. ब्लोअरला आणि मळणीला चालत नाही.

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांना, म्हणजे अल्टरनेटर किंवा पुलीवरच्या कुट्टीला, एक स्वस्त उपाय आहे. ट्रॅक्टरकडची पुली त्याच प्रमाणात मोठी करा. १२ इंचांची असेल तर १५.७५ इंचांची, बाजारात मिळते ती १६ ची घ्या. इंजिन १६०० च्या किंचित खाली ठेवून यंत्राला पूर्वीचेच फेरे मिळतात. लेथवाल्याकडून पुली करून घेण्याचा खर्च नव्या ट्रॅक्टरच्या फरकापुढे काहीच नाही. पुलीवर पांढऱ्या रंगाने '१६००' लिहून ठेवा, कारण फुल रेसचा धोका इथेही तोच आहे.

५४० आणि १००० असे दोन वेग असलेल्या ट्रॅक्टरात १००० च्या गिअरला इंजिन ११०० च्या आसपास ठेवून ५४० मिळवायची युक्ती कोणी सांगेल. ती करू नका. इतक्या खाली इंजिनात ताकद नसते, आणि चुकून रेस वाढली तर शाफ्ट हजारावर जातो.

जुना ट्रॅक्टर घेताना

ई चा लिव्हर आत-बाहेर हलवून बघा, ढिला लागला तर आतला फोर्क झिजलाय. ई वर टाकून रोटर जमिनीला हलका टेकवा आणि पाच मिनिटं चालवा. लिव्हर आपोआप मागे सरकत असेल तर गिअर उडतोय, किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या. शाफ्टच्या मुळाशी ऑइल ओलं दिसलं तर सील गेलंय, ते किरकोळ. शाफ्टला हाताने वर-खाली हलवा (इंजिन बंद करून). हलत असेल तर बेअरिंग गेलंय, ते किरकोळ नाही. पलीकडच्या राज्यातला ट्रॅक्टर असेल तर आरसी, एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवल्याचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. चिकोडी किंवा बेळगावच्या आरटीओत कागद अडकले की ई असलेला ट्रॅक्टरसुद्धा अंगणातच उभा राहतो.